चंदाबाईचा पिपा

चंदाबाईला दोन गोष्टींचं भारी कुतूहल होतं. एक, आपली पोरगी पुण्याला जाऊन कसली नाव वल्हवते. आणि दुसरी, बार आतून कसा दिसतो. पहिल्या गोष्टीबद्दल ती येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही विचारायची. दुसरीबद्दल विचारायची सोय नव्हती, कारण पेंढरघाटच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष ती स्वतःच होती. ज्याच्याशी आठ वर्षं भांडलो त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, हे तिला अधूनमधून टोचायचं. पण अध्यक्षबाईनं असलं काही बोलून कसं चालेल?

पेंढरघाट हे वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठावरचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव. साठ-सत्तर घरं, दोन हातपंप, आणि घरटी नाही तरी दोन घरांत मिळून एक डोंगा. सरकारनं जिल्ह्यात दारूबंदी केली, पण नदी थोडीच बंद केली होती? पलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्याचा, तिथं दुकानं राजरोस उघडी. मासे विकायला म्हणून गेलेले पुरुष टोपली रिकामी आणि पोट भरलेलं घेऊन परत यायचे. शहाण्णव साली बायकांनी कंबर कसली. गावातले मोहाचे सडवे, म्हणजे दारूसाठी मोहफुलं आंबवायचे माठ, फोडले, पेपरात फोटो आला, आणि देवळासमोर बसून नियम केला. जो कुणी दारूच्या दुकानाचा उंबरठा ओलांडेल, मग तो पिवो न पिवो, त्यानं दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तेलाचा रिकामा पिपा वाजवत गावभर फिरायचं, आणि दारोदारी थांबून स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी दारूच्या दारात गेलो होतो.

'पिवो न पिवो' हे शब्द चंदाबाईनं घुसडले होते. "मी त नुसता बसलो होतो" हे वाक्य तिनं नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की तिला सगळ्याच नुसतं बसणाऱ्यांचा राग आला होता.

आणि पहिला पिपा वाजला तो त्याच नवऱ्याचा. नियम करून महिना झाला नव्हता. मनसाराम पलीकडून पिऊन निघाला आणि डोंग्यातच झोपला. डोंगा वाहत वाहत खालच्या गावाच्या जाळ्यांत अडकला. चंदाबाईला झाकता आलं असतं. तिनं झाकलं नाही, सरळ मंडळात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मनसाराम पिपा घेऊन निघाला तेव्हा ती दाराला आतून कडी लावून बसली. पिप्याचा आवाज लांब गेला, मग नदीकडून परत आला, तोवर तिनं कडी काढली नाही. त्या दिवसापासून मनसारामनं दारूला हात लावला नाही. त्या दिवसाबद्दलही कधी चकार शब्द काढला नाही, आणि हे दुसरं तिला जास्त जड जायचं.

त्यांची पोरगी भाग्यश्री, म्हणजे भागी. दहाव्या वर्षी एकटी डोंगा घेऊन नदी ओलांडायची. शाळेच्या खेळांत कुणा साहेबानं तिचे खांदे पाहिले आणि तिला पुण्याच्या खेळाच्या वसतिगृहात नेलं. दोन वर्षं झाली, पोरगी घरी आली नव्हती. फोन यायचा देवरावच्या दुकानात. त्या जानेवारीत फोन आला तोच मुळी ओरडत.

"माय, रविवारी एक वाजता फायनल हाये! सारा देश हाये त्याच्यात. टीव्हीवर दाखवून राह्यले."

"खरं म्हणतं? अन् डोंगा कसा हाये तुहावाला?"

"डोंगा नाई माय, लई बारीक नाव हाये. मी एकटीच असतो तिच्यात. अन् उलटी बसतो."

"उलटी म्हणजे?"

"जिकडं जाचं तिकडं पाठ."

"थट्टा नोको करू मायसंगं."

"पाह्यशीन तवा समजन. पाह्यशीन ना? शपथ?"

"शपथ," चंदाबाई म्हणाली.

शपथ घेऊन ती घरी आली आणि मग भानगड कळली. देवरावच्या टीव्हीवर दूरदर्शनशिवाय काही दिसत नव्हतं, आणि शर्यत होती खेळांच्या खासगी चॅनलवर. चंद्रपूरला मनसारामच्या बहिणीचा मुलगा भूपेश ऑटो चालवायचा. त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मामी, केबलवाल्यायचं अन् त्या चॅनलचं भांडण चालू हाये. कोणाच्याच घरी दिसत नाई. ज्यायनं छपरावर सोताची डिशची छत्री लावली, तिथीच दिसते."

"कोणी लावली छत्री?"

भूपेश जरा घुटमळला. "बारवाल्यायनं."

चंदाबाईनं रात्रभर विचार केला आणि सकाळी नवऱ्याला निर्णय सांगितला. उंबरठा ओलांडायचा नाही एवढाच नियम आहे. रस्ता सरकारचा आहे. रस्त्यावर उभं राहून दारातून टीव्ही पाहायला कोण अडवतं?

मनसाराम जाळं शिवत होता. "दारातून किती दिसन?" एवढंच तो म्हणाला.

"तुमाले माहीत असन," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच वाईट वाटलं.

रविवारी उजाडता उजाडता दोघांनी स्वतःच्याच डोंग्यानं नदी ओलांडली. पाण्यावर धुकं होतं. मनसाराम बांबू रोवत उभा होता, त्याचं तोंड पलीकडच्या काठाकडं. चंदाबाई मध्ये बसून त्याच्याकडं पाहत होती. डोंग्यात बसायची हीच पद्धत तिला माहीत होती. पुढचं दिसल्याशिवाय माणूस नाव हाकेल कशी? नदी उतरून त्यांनी मूल गावावरून जाणारी एसटी धरली आणि दहाच्या सुमाराला चंद्रपूरच्या स्टँडवर उतरले. भूपेश ऑटो पुसून तयार होता.

भूपेश पोरगा गुणी, पण कसल्याही विषयातलं त्याला सगळं कळतं असा त्याचा समज होता. बारच्या बाबतीत मात्र तो समज खरा निघाला. रात्री गिऱ्हाइकांना घरी सोडायचा धंदाच होता त्याचा.

"असं पाह्य मामी," ऑटो चालू करत तो म्हणाला, "मॅच पाह्याचीच असन त चंद्रपुरात जाण्यासारख्या जागा तीन. क्रिकेटले 'चौकार'. फुटबॉलले 'ब्लॅक डायमंड', तिथी खाणीतले बंगाली साहेब बसतात. अन् कुस्तीले 'रुस्तम'. तिथी टीव्हीवरची कुस्ती संपली का टेबलावरची चालू होते."

"अन् नावेले?"

भूपेशनं आरशातून मामीकडं पाहिलं. "नावेले कोणीच नाई."

त्यात त्या दिवशी भारताची क्रिकेटची मॅच होती. 'चौकार'समोर मोटरसायकली लावायला जागा नव्हती. दाराच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या लाकडी बॅटी उभ्या केलेल्या. भूपेश चॅनल बदलण्याचं बोलायला आत गेला आणि चंदाबाई ऑटोतून मान लांब करून पाहू लागली. तिच्या डोक्यात बार म्हणजे मोहाची भट्टी होती, फक्त मोठी. धूर, आंबलेला वास, भिंतीला टेकून पडलेली माणसं. इथं तर टेबलांवर कापडं होती. थंड हवेचं यंत्र होतं. आणि सगळ्यात नवल म्हणजे दारालगत काचेची पेटी होती, तिच्यात पाणी होतं आणि पाण्यात मासे होते. केशरी, निळे, बोटाएवढे.

"अवो," तिनं मनसारामला कोपरानं ढोसलं, "ते कोणते मासे होत? कसे किलो देत असन?"

"ते खाचे नाई. पाह्याचे होत."

"पाह्याचे?" दारू प्यायला येणारी माणसं मासे पाहत बसतात! चंदाबाईनं जन्मभर मासे धरले, चिरले, विकले, पण त्यांच्याकडं बसून कधी पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं आणि शत्रूच्या घरी आपल्याला हसू येतंय म्हणून ती लगेच गंभीर झाली.

भूपेश खाली मान घालून बाहेर आला. आतून मोठं हसणं ऐकू आलं. "म्हणते, पोरीची नाव पाह्याची असन त रामाळा तलावावर जा," तो म्हणाला.

'ब्लॅक डायमंड'मध्ये माणसं भली होती. मॅनेजर स्वतः बाहेर आला, हात जोडले, म्हणाला, "मावशी, टीव्ही साहेब लोकांनी दुपारभर घेऊन ठेवलाय. वर फॅमिली सेक्शन आहे, तिथं जेवायला बसा की." फॅमिली सेक्शन म्हणजे काय ते चंदाबाईला कळेना. तेवढ्यात जिन्यावरून एक बाई उतरली. काठाची साडी, कडेवर मूल, तोंडात बडीशेप. चंदाबाई तिच्याकडं बघतच राहिली. बाईनंही तिच्याकडं पाहिलं, ओळखीचं हसली आणि नवऱ्याच्या स्कूटरवर बसून गेली.

"बाया येतात इथी?" चंदाबाईनं विचारलं.

"कोंबडी खाले येतात, मामी. चांगली करते."

आठ वर्षं आपण कुणाशी भांडत होतो ते तिला नीट उमजेना. भट्टीशी भांडणं सोपं होतं. तिथं चांगलं असं काहीच नव्हतं. इथं थंड हवा, निळे मासे, बडीशेप. तिला आत जाऊन सगळं हात लावून पाहावंसं वाटलं, आणि असं वाटल्याचा तिला चांगलाच धाक बसला. घड्याळात साडेबारा झाले होते.

'रुस्तम' तर बंदच होता. शटरवर कागद होता की काल रात्रीच्या प्रकारामुळं आज सुट्टी. चंदाबाईनं पोरीपाशी शपथ घेतली होती. देश पाहणार आणि माय पाहणार नाही?

"एक हाये," भूपेश डोकं खाजवत म्हणाला. "मॅचसाठी कोणी जात नाई तिथी. पण छत्री हाये त्याच्यापाशी. सिरोंच्याचा माणूस हाये, पोचू म्हणून. 'गोदावरी' बार."

'गोदावरी' एका गल्लीच्या तोंडाशी होता. लहानसा. ना बॅटी, ना मासे. दारात पोचू स्वतः उभा राहून दात कोरत होता, पन्नाशीचा, गोल पोटाचा. ऑटोतून उतरणाऱ्या चंदाबाईकडं त्यानं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं मागं वळून तेलुगूत काहीतरी आरोळी ठोकली. आत एकदम धावपळ झाली. बाटल्या खणखणत काउंटरखाली गेल्या, गिऱ्हाइकांनी ग्लासांवर पेपर पांघरले, कुणीतरी सगळ्या टेबलांवर चहाचे कप मांडायला लागला. पेपरातला सडवे फोडतानाचा तो फोटो पोचूनं आठ वर्षं जपून ठेवला होता, काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून. कुणाला आत घ्यायचं नाही ते नोकरांना कळावं म्हणून.

"बाई," तो हात जोडून म्हणाला, "माझा माल नदीपार जात नाही. देवाशपथ. मोर्चा मागं आहे का?"

"मोर्चा नाई," चंदाबाई म्हणाली. "मले टीव्ही पाह्याचा हाये."

पोचूला वाटलं ही काहीतरी नवी पद्धत आहे. भूपेशनं सगळं सांगितलं तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. पण मग त्यानं जे विचारलं ते दिवसभरात कुणीच विचारलं नव्हतं.

"नाव कसली आहे? लाकडाची का पत्र्याची?"

"माहीत नाई. लई बारीक हाये म्हणते."

"आमचा आजा गोदावरीत नाव चालवायचा," पोचू म्हणाला आणि आत जाऊन रिमोट उचलला. क्रिकेटमध्ये जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. आठ-दहा गिऱ्हाइकं होती, त्यांनी पेपरांखालून पुन्हा ग्लास काढले होते. कुणी हरकत घेतली नाही. "या ना बाई, आत या. खुर्ची देतो."

चंदाबाई उंबरठ्यापर्यंत आली आणि थांबली. सिमेंटचा साधा उंबरठा, मध्ये झिजलेला. ती बाहेरच उभी राहिली. टीव्ही आत, अगदी समोरच्या भिंतीवर उंच टांगलेला, आणि तिच्या पाठीमागं भर दुपारचं ऊन. काचेवर तिला दिसली ती गल्ली, भूपेशचा ऑटो आणि एक पांढरा चमचमाट. तिनं कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले, डावीकडं सरकली, उजवीकडं सरकली. पोचूनं टीव्ही वळवून पाहिला. काहीच जमेना.

तेव्हा मनसारामनं वहाणा काढल्या.

"कुठी चालले?" ती म्हणाली.

"मी आत जातो. पाह्यतो अन् तुले सांगतो."

"पिपा वाजवा लागन तुमाले."

"माह्या नावानं एकदा वाजला हाये," तो म्हणाला. "अजून एकदा वाजन. तू राह्य बाहेर." आणि देवळात जावं तसा अनवाणी तो बारमध्ये गेला.

चंदाबाईचा जीव आता दोन ठिकाणी अडकला. पोरगी टीव्हीत आणि नवरा बारमध्ये. वेटरनं सवयीनं त्याच्यासमोर ग्लास ठेवला. पाण्याचाच होता, पण मनसारामनं तोसुद्धा बाजूला सारला आणि टीव्हीखाली जाऊन उभा राहिला.

एक वाजला. शर्यत सुरू होईना. तिकडं तलावावर वारा होता म्हणे. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. इकडं क्रिकेट सुरू व्हायची वेळ झाली आणि एकजण म्हणाला, "पोचूभाऊ, लावा ना आता मॅच." पोचूनं रिमोट खिशात घातला. "आज गोदावरीत क्रिकेट नाही," तो म्हणाला, आणि तेवढ्यात नावा सुटल्या.

"सुटल्या!" मनसाराम ओरडला. "सहा हायेत. भागी पल्याडच्या कडेले हाये. लाल बनियन."

"कशी हाये? बरी हाये का? वाळली काय?"

"लहान दिसते बापा. दुरून दाखवून राह्यले. पाचवी हाये."

"उलटी बसली का खरंच?"

"हो. उलटीच."

"अरे देवा! पडन ते! कुठी जाऊन राह्यली ते कसं दिसन तिले?" आतली गिऱ्हाइकं हसली. मनसाराम हसला नाही.

"तिले जमते उलटं," तो म्हणाला. "लहानपणापासून जमते."

लहानपणापासून? चंदाबाईला आठवेना. भागी डोंगा हाकायची ती सरळ, बापासारखीच उभी राहून. पण विचारायला वेळ नव्हता.

"वारा कोण्या बाजूनं हाये?" तिनं विचारलं. "पाण्यावर सुरकुत्या कुठी हायेत?"

"अल्याडून येऊन राह्यला."

"म्हणजे अल्याडच्या नावायले मार बसन. ते पल्याड हाये, तिले कमी लागन. अर्ध्यानंतर पाह्यजा तुमी."

आतले लोक आता माना वळवून एकदा टीव्हीकडं आणि एकदा दारातल्या या बाईकडं पाहू लागले. आणि खरंच, अर्ध्यानंतर मनसारामचा आवाज चढला. "चौथी झाली! वढून राह्यली! तिसरीच्या बाजूले आली, बाजूले आली..." आणि मग आवाज बंदच झाला.

"काय झालं?" चंदाबाई म्हणाली.

मनसाराम वर पाहत उभा. गिऱ्हाइकंही चिडीचूप.

"अवो, काय झालं? पलटली का? भागीचे बाबा!"

तो वळला नाही. त्याचे खांदे मात्र हलत होते. चंदाबाईच्या डोळ्यांसमोर पाणी आलं, नुसतं पाणी, आणि त्यात पालथी पडलेली बारीक नाव. ती उंबरठा ओलांडून आत गेली. वहाणा काढायचंही भान राहिलं नाही. खुर्च्यांना धडकत ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं वर पाहिलं.

समोर भागीचा चेहरा होता. सगळा पडदाभर. मागून येणाऱ्या बोटीतून कुणीतरी चित्र घेत होतं, आणि पोरगी पाठीकडं जात होती म्हणून तिचं तोंड सरळ इकडं होतं. केस मागं बांधलेले, दात आवळलेले, गालावरून घाम की पाणी ओघळणारं. हात पुढं येत, मागं जात. दर वेळी ती पुढं वाकायची तेव्हा वाटायचं की आता टीव्हीतून बाहेरच येते. दोन वर्षांत पोरगी केवढी झाली होती. आणि ती एकटक मायकडं पाहत होती.

"भागी," चंदाबाई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही. शर्यत संपेपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली, आधी हळू, मग मोठ्यानं, आणि शेवटी पोचू, वेटर, गिऱ्हाइकं, दारातून भूपेश, सगळेच "भागी! भागी!" करून टेबलं बडवायला लागले.

भागी तिसरी आली. पहिलीपेक्षा बरीच मागं, पण चौथीच्या पुढं. पोचूनं सगळ्यांना चहा पाजला, त्या घाईत मांडलेल्या कपांतून. चंदाबाई बारमध्ये खुर्चीवर बसून चहा प्यायली. आजूबाजूला पाहिलं. भिंतीवर गोदावरीच्या घाटाचं चित्र होतं, कोपऱ्यात झाडू होता, काउंटरच्या आत तिचा स्वतःचा फोटो होता, हातात काठी घेतलेला. बार आतून असा दिसतो तर, तिला वाटलं.

परतीच्या एसटीत मनसाराम म्हणाला, "कोणाले सांगाचं काम नाई. पेंढरघाटचं कोणी नव्हतं तिथी. मी एकटाच गेलो असं सांगतो."

ती खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत होती. "नाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं देवळासमोर बायका जमवल्या आणि सगळं सांगितलं. मंडळाच्या सचिव गुणाबाई म्हणाल्या, "तू का प्याले गेली होती का बाई? पोरीले पाह्याले गेली. याले का पिपा रायते?"

"पिवो न पिवो," चंदाबाई म्हणाली. "कोनं घातलं होतं ते?" आणि तिनं पिपा उचलला.

ऊन कललं होतं. पहिलं घर गुणाबाईंचंच. तिनं काठीनं पिपा वाजवला आणि म्हणाली, "मी दारूच्या दारात गेली होती." बरं, हे जमलं. दुसरं घर, तिसरं घर. हातपंपाशी माणसं होती, ती सगळी वळून पाहू लागली. पाहणारे सगळे आपलेच, कुणी वाईट नव्हतं, पण ते पाहणं अंगावर यायचं. चौथ्या घरापुढं तिची काठी उठली आणि तोंडातून शब्दच निघेना. हे नवऱ्यानं साठ घरांपुढं केलं होतं. आणि आपण आत बसलो होतो, कडी लावून.

तिच्या हातातून कुणीतरी पिपा घेतला. मनसाराम होता. "दोघायचा मिळून एकच चालन," तो म्हणाला. "तू बोल, मी वाजवतो."

मग सुकलूच्या दारात म्हाताऱ्या सुकलूनं विचारलं, "गेली त गेली, पण पाह्यलं काय ते सांग ना." आणि चंदाबाईनं सांगितलं. सहा नावा, वारा, लाल बनियन. पुढच्या दारातही तेच विचारलं गेलं, तिथंही सांगितलं. दहाव्या घरापासून लोक मागं चालायला लागले, पुढचं ऐकायला. नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर मागून चालणाऱ्यांच्या तोंडी भागी त्या पिप्याच्या तालावर दोनदा पहिली आली होती आणि चंदाबाईला ती दुरुस्ती करावी लागली.

सगळे पांगले. दोघं आपल्या अंगणात येऊन बसली. मनसारामनं पिपा पालथा ठेवला.

"त्या वक्ती मी दार लावून बसली," चंदाबाई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं. "तुमच्यासंगं याले पाह्यजे होतं मी. एकट्याले धाडलं. चुकलं माहं."

मनसारामनं पालथ्या पिप्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "एकटा कुठी होतो? भागी होती ना."

"भागी? ते त शाळेत गेली होती."

"नाई गेली. हातपंपापासून आली माह्यासंगं."

"मांगं मांगं?"

"मांगं नाई, पुढं. माह्याकडं तोंड करून, उलटी चालत. म्हणे बाबा, लोकायकडं नोको पाहू, माह्याकडं पाह्य. नदीपावतर तशीच चालली."

चंदाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. हातपंपापासून नदीपर्यंतचा रस्ता, मध्ये मोरी, दगड, गाईगुरांच्या खुरांनी पडलेले खड्डे.

"पडली नाई?" तिनं विचारलं.

"एकदा बी नाई," मनसाराम म्हणाला.